ठेंगूच्या केसातलं फिकट कडं

१

त्या प्रकरणात अनपेक्षितपणे मेलेलं कोणी नव्हतं. खरं तर अडचण तीच होती. ज्या डुकराने खंगायला हवं होतं ते टुणटुणीत उभं राहून खाद्याच्या कुंडीच्या कडेला अंग घासत होतं, आणि काचेपलीकडून त्याच्याकडे बघणाऱ्या शहाण्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी त्या संस्थेत जनावरांची डॉक्टर होते. आता ती इमारत पाडून तिथे दुसरंच काही उभं राहिलंय म्हणतात. मी बघायला गेले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून जशीच्या तशी आहे. दारात जंतुनाशक पाण्याचा उथळ हौद. त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मग भिंतीशी रबरी बुटांची रांग, प्रत्येकाच्या टाचेवर रंगाने काढलेली खूण. डावीकडे खाद्यघर, उजवीकडे रक्त तपासायची खोली, समोरच्या लांब शेडमध्ये ओळीने कप्पे. सकाळी खाद्याच्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं आणि ते ऐकून सगळी डुकरं एका सुरात ओरडायची. निवृत्त होऊन इतका काळ लोटला, तरी कुठे चाक कुरकुरलं की मी मान वर करते.

काम असं होतं. काही मुलं जन्मतःच एक खोट घेऊन येतात. आईवडील धडधाकट असतात, पण दोघांकडूनही तोच बिघडलेला जीन मुलाच्या वाट्याला येतो. मग दूध, अंडी, मासे, शेंगा, जे जे आपण पौष्टिक म्हणून मुलांच्या मागे लागून भरवतो, त्यातला एक घटक त्यांच्या यकृताला मोडता येत नाही. तो रक्तात साठत जातो आणि मेंदू नासवतो. वेळेत कळलं तर जन्मभर मोजूनमापून खायचं आणि एक उग्र वासाची पावडर पाण्यात कालवून प्यायची. वेळेत कळलं नाही, तर मूल वाढतं पण उमलत नाही. एका जागी बसून पुढेमागे डुलत राहतं. शिवाय अशा मुलांच्या केसांना नीट रंग धरत नाही.

उंदरांवरचे प्रयोग करून झाले होते. पण उंदराचं यकृत ते केवढं आणि आयुष्य ते केवढं. डुकराचं यकृत, त्याचं खाणं, त्याचं वजन माणसाच्या मुलाच्या बरंच जवळ जातं. म्हणून आमच्याकडे हीच खोट असलेली डुकरं वाढवली होती. आई काळीभोर, आणि तिची ही चार पिल्लं मात्र वाळल्या गवताच्या रंगाची.

चौघांचीही कूस भादरून, यकृतात इंजेक्शन दिलं गेलं. दोघांना दुरुस्त जीन पोचवणारं औषध, दोघांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते प्रयोगाचे प्रमुख, म्हणजे सर, सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर चौघांनाही साधं, पोटभर, प्रथिनांचं खाद्य सुरू झालं. औषध लागलेली तगणार होती आणि उरलेली खंगणार होती. प्रयोगातला निष्ठुर भाग तोच, पण तो शब्द तिथे कोणी उच्चारत नसे.

नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, म्हणून सगळ्यांनी टोपणनावं ठेवली. पैलवान, मास्तर, पोस्टमन आणि ठेंगू. पोस्टमन आधी खंगला. अन्न सोडलं, झटके येऊ लागले, तेव्हा नियमाप्रमाणे मी त्याला शांतपणे संपवलं. त्याच सुमारास ठेंगूही डुलायला लागला होता. पुढे मात्र तो सावरला. त्याचे केस गडद होऊ लागले, डोळ्यांत चमक आली. आम्ही खूश झालो. तीन तगले, एक गेला. म्हणजे औषध मिळालेले दोघे या तिघांतलेच असणार, आणि तिसऱ्याचं काय ते यथावकाश कळेलच.

ते कळलं समितीसमोर. सरांनी जाहीर केलं: पैलवान आणि मास्तर औषधाचे. पोस्टमन मिठाच्या पाण्याचा. आणि ठेंगूही मिठाच्या पाण्याचाच.

२

समितीच्या अध्यक्षीणबाई मोठ्या थंड डोक्याच्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“औषधाशिवाय एक बरं होत असेल, तर उरलेली दोन औषधानेच बरी झाली कशावरून?”

मुलांवर उपचार सुरू करायची परवानगी याच बैठकीवर अवलंबून होती. आजारी मुलांच्या पालकांचं मंडळ ताटकळत बसलं होतं. पहिल्या यादीतली मुलं ठरलेली होती, आणि त्यात आमच्या खाद्यघरातल्या दादांची मुलगी, बिट्टी, होती. बाईंनी पुढच्या बैठकीपर्यंत मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही, तर प्रयोग बंद, डुकरं संपवायची आणि शेडला कुलूप.

पहिला संशय अर्थातच सुईवाल्यावर. सगळी इंजेक्शनं त्याच्या हातची. त्याने सिरिंज बदलल्या असतील, असं सगळ्यांच्या मनात आलं आणि कोणीच बोललं नाही, म्हणून त्यानेच बोलून टाकलं. मग ठेंगूच्या यकृताचा बारीक तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं की औषधाचा मागमूसही नाही. सुईवाला सुटला, पण कोडं आणखी घट्ट झालं. दुसरा संशय रक्त तपासणाऱ्या रक्तवालीवर, की नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. अध्यक्षीणबाईंच्या समोर नव्याने रक्त काढलं. ठेंगूचं रक्त जवळजवळ निरोगी. राहता राहिलं खाणं. प्रथिनं टाळून आणि पावडर पाजून डुक्कर बरं ठेवता आलं असतं. पण पावडरचे डबे भांडारात मोहोरबंद होते आणि एकालाही हात लागलेला नव्हता.

सरांनी मला बोलावून विचारलं, बाहेरचं, विश्वासाचं, जनावरांतलं कळणारं कोणी आहे का. मी म्हटलं, आहे, पण तोंडाची फटकळ आहे.

त्या माझ्या नणंदबाई. वन्सं जन्मभर विमा कंपनीत गुरांचे दावे तपासत फिरल्या होत्या. मेलेली गाय विमा उतरवलेलीच गाय आहे का, आपोआप मेली की मारली, हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. आल्या त्या सुती टोपी, जाड बूट आणि पर्समध्ये भिंग घेऊन. सरांनी त्यांना आजाराची माहिती सांगायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, “ते वहिनीने गाडीत सांगितलंय. मला डुक्कर दाखवा.”

कप्प्यात शिरून त्या ठेंगूसमोर उकिडव्या बसल्या. त्याच्या पाठीवरून, पोटावरून हात फिरवला, चिमटीत कातडी धरून सोडली. मग शेजारच्या कप्प्यातल्या पैलवानाकडे बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी ठेंगूच्या कुंडीच्या कोपऱ्यात बोट घालून काहीतरी खरवडलं आणि बोटांत चोळलं.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे डुकरांच्या कपड्यांना खळ करतात का गं?”

३

बाकीच्या कुंड्यांच्या कोपऱ्यांत वाळलेला तपकिरी कोंडा होता. ठेंगूच्या कुंडीत त्याखाली एक पांढरा, चिवट पापुद्रा होता. कपड्यांना घालायची खळ पातेल्यात वाळली की दिसते, अगदी तसा. मी म्हटलं, खाद्यात धान्य असतंच, त्याचं पीठ साचलं असेल. वन्सं म्हणाल्या, मग पैलवानाचं का साचत नाही.

नंतर त्यांनी एकेकाला खाद्यघरामागच्या लहान खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मला वाटलं होतं किल्ल्या कोणाकडे, पाळ्या कोणाच्या, असलं काही विचारतील. त्यांनी प्रत्येकाला इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकच फुटकळ प्रश्न केला. ठेंगूला काय आवडतं?

सर गोंधळले. ते मुलांचे मोठे डॉक्टर, महिन्यातले निम्मे दिवस परगावी. त्यांनी डुकराच्या रक्तातल्या सगळ्या घटकांची माहिती दिली आणि शेवटी कबूल केलं की त्याला काय आवडतं ते आपल्याला सांगता येणार नाही. आपण त्याला हातही लावलेला नाही.

सुईवाला म्हणाला, त्याला मी सोडून सगळं आवडतं. मी दिसलो की कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, बायकोच्या माहेरी माझं स्वागत होतं तसं. दादा रजेवर असताना त्यांच्या जागी खाद्य घालायचं काम त्याच्याकडे होतं. तेव्हाही ठेंगू त्याच्याकडे पाठ करूनच खायचा, आणि खायचा म्हणजे कुंडी चाटूनपुसून साफ.

रक्तवाली थोडी बिचकली. ती तापट होती, पण जनावरांची माया असलेली. पोस्टमन गेला त्या दिवशी तिने सरांशी भांडण काढलं होतं, की दोन जिवांना नुसतं मिठाचं पाणी देऊन मरायला सोडणं हे कसलं शास्त्र. वन्सं भिंग पुसत राहिल्या. शेवटी रक्तवालीने सांगून टाकलं की ठेंगूला सफरचंद आवडतं, आणि ते तिला ठाऊक आहे कारण ती डब्यातली फोड त्याला घालते. नियमाबाहेर आहे, पण एवढ्याशा फोडीने रक्त सुधारत नाही. उलट मधे एकदा त्याचं रक्त एकदम बिघडलेलं आलं होतं. मशीन नादुरुस्त असेल म्हणून तिने तो आकडा बाजूला ठेवला होता.

“मधे म्हणजे कधी?” वन्संनी विचारलं.

ते तिला नीट आठवेना. एवढंच आठवत होतं की तिचा मोडलेला पाय बरा होऊन ती कामावर परतली होती, त्यानंतर कधीतरी.

शेवटी दादा आले. दांडगे, कमी बोलणारे. पूर्वी त्यांची स्वतःची बेकरी होती. मुलीच्या आजारासाठी हा प्रयोग सुरू झाला तेव्हा बेकरी भावाच्या हवाली करून ते आमच्या खाद्यघरात आले. त्यांचा मोठा मुलगाही याच आजाराचा, पण त्याच्या वेळी कळायला उशीर झाला. तो आता एका आश्रमात राहत होता. दादांवर संशय घ्यायचा विचारही कोणाला शिवला नव्हता. हा प्रयोग यशस्वी व्हावा असं दादांइतकं कोणाला वाटणार?

वन्संनी मुलीची चौकशी केली, बेकरीची केली. दादा मोकळेपणी बोलले. बिट्टीला शाळेत कोणाच्या डब्यातलं काही खाता येत नाही, म्हणून ती डबा खाताना गोष्टी सांगते आणि सगळ्या पोरींना आपल्याभोवती बसवते, हे सांगताना हसलेसुद्धा. मग तो प्रश्न आला.

दादा भिंतीकडे बघत म्हणाले, “आवडीनिवडीचं काही ठाऊक नाही बुवा. मी सगळ्यांना सारखंच घालतो.”

ते गेल्यावर वन्संनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

“ज्याचं जनावर खरंच गेलेलं असतं, तो त्याच्या खोडी सांगत बसतो,” त्या म्हणाल्या. “दाव्यात खोट असते तो म्हणतो, आम्हाला सगळी गुरं सारखीच. वहिनी, जो माणूस त्याला रोज खायला घालतो, त्यालाच तेवढं त्याचं काही ठाऊक नाही?”

४

मला ते पटेना. नुसत्या एका वाक्यावरून माणसाला धरायचं? आणि दादांनी असं का करावं? प्रयोग फसला तर त्यांच्याच मुलीचं औषध जाणार होतं.

“का ते मी विचारतच नाहीये,” वन्सं म्हणाल्या. “मी विचारतेय, कोणी. त्याची कूस भादरली होती ना इंजेक्शनच्या वेळी?”

भादरली होती. म्हणजे तिथला प्रत्येक केस इंजेक्शनच्या दिवसापासून नव्याने उगवलेला. शेंडा त्या दिवसाचा आणि मूळ आजचं. वन्संनी पैलवानाच्या कुशीतले चार राठ केस उपटले, मास्तरचे चार, ठेंगूचे चार. ठेंगूने तेवढ्यासाठी आकाशपाताळ एक केलं. ते केस आम्ही रक्तवालीच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडले आणि वन्संनी भिंग माझ्या हातात दिलं.

पैलवानाचा केस शेंड्यापासून मुळापर्यंत एकसारखा काळा. मास्तरचाही तसाच. औषध एकदा लागलं की लागलं. यकृत दिवसरात्र काम करतं, त्याला रजा नसते.

ठेंगूचा केस शेंड्याला फिकट होता. म्हणजे सुरुवातीला तो खरंच खंगत होता. मग केस काळा झाला. आणि मुळापासून थोडं वर, काळ्याच्या मधेच, एक फिकट कडं होतं. चारही केसांवर त्याच जागी. त्याखाली पुन्हा काळं.

“बघ,” वन्सं म्हणाल्या, “हा आपोआप बरा झालेला नाही. आपोआप बरं झालेलं शरीर मधेच महिनाभर आजारी पडून पुन्हा बरं होत नाही. याला कोणीतरी बरं ठेवत होतं. आणि तो कोणीतरी तेवढे दिवस इथे नव्हता.”

मग त्यांनी बोटावर हिशेब मांडावा तसं एकेकाला बाजूला काढलं. सर महिन्यातले निम्मे दिवस गावाला. त्यांच्या हातचं असतं तर हा केस झेब्र्यासारखा पट्टेरी झाला असता. रक्तवाली पाय मोडून घरी होती ती पोस्टमन गेल्यानंतर लगेच, आणि नेमका त्याच दिवसांत केस काळा व्हायला लागला. म्हणजे ती नव्हे. सुईवाल्याने ठेंगूला खायला घातलं ते फक्त बदलीवर. तेव्हा ठेंगू कुंडी चाटूनपुसून खात होता, साधं खाद्य, पोटभर. रक्तवालीच्या वहीत बाजूला ठेवलेला आकडा त्याच दिवसांतला होता, म्हणजे रक्त बिघडलं ते तेव्हाच, आणि केसात कडं उमटलं तेही तेव्हाच. रक्तवालीचं मशीन ठणठणीत होतं.

“आणि ती बदली कोणाच्या जागी होती?”

दादांच्या. मोठ्या मुलाच्या छातीत कफ झाला होता आणि ते आश्रमात जाऊन त्याच्याजवळ राहिले होते.

“पण वन्सं, पावडरचे डबे तर मोहोरबंद आहेत.”

“तुमचे आहेत,” त्या म्हणाल्या. “चल, दादांकडे चहाला जाऊ.”

५

दादांचं घर बेकरीच्या मागे होतं. दुपारची वेळ. भिंत भट्टीमुळे उबदार होती. बिट्टीने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि वन्संची टोपी घालून पाहिली. टेबलावर दोन प्रकारचे पाव होते. एक आमच्यासाठी, तपकिरी सालाचा. दुसरा बिट्टीचा, नुसत्या स्टार्चचा, प्रथिनं काढून टाकलेला. पांढराफटक आणि कापताना सुरीला चिकटणारा.

वन्संनी बिट्टीच्या पावाचा तुकडा मागून घेतला. तो बोटांत चोळला. मग माझ्याकडे न बघता शांतपणे खाऊन टाकला.

“चव नाही,” त्या म्हणाल्या.

“सवय होते,” बिट्टी म्हणाली. “पण बाबा आता खूप करतात. मी एवढे खातच नाही.”

दादांनी तिला काकाकडे भट्टीवर पाठवलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पावडरच्या डब्यांची रास होती. पालकांच्या मंडळाकडे मुदत संपलेले डबे यायचे आणि ते टाकून द्यायचं काम दादांकडे होतं. सरळ होतं सगळं. स्टार्चचा पाव, त्यात ती पावडर मळलेली, खाद्याच्या गाडीत कोंड्याखाली दडवून नेलेला. ठेंगूच्या वाटणीचं खाद्य शेजारी पैलवानाच्या कुंडीत जायचं.

मग दादाच बोलले, टेबलावरचे कण एका बाजूला गोळा करत. पोस्टमनला मी संपवलं तेव्हा त्यांनीच त्याला धरलं होतं. परत येऊन बघतात तर ठेंगू कोपऱ्यात उभा राहून पुढेमागे डुलत होता. त्यांचा मोठा मुलगा डुलतो तसाच, त्याच तालात. तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, कुणाला काय दिलंय ते कुठे कोणाला ठाऊक आहे? ठेंगूला औषधच मिळालेलं असेल, आणि ते लागायला वेळ लागत असेल, तर? तो मेला तर सगळे म्हणतील औषध वाया गेलं, आणि बिट्टीचं राहून जाईल. थोडे दिवस हात द्यायचा, मग सोडायचं.

“मग सोडलं का नाही?” मी विचारलं.

“सोडलं होतं ना. मोठ्याकडे गेलो तेव्हा. परत आलो तर पुन्हा डुलत होता.” त्यांनी गोळा केलेले कण तळहातावर घेतले. “एकाला डुलताना बघत बसलो होतो मी. तेव्हा कळत नव्हतं. आता कळतंय आणि तरी बघत बसायचं, हे मला जमलं नाही, बाई.”

ठेंगू मिठाच्या पाण्याचा, हे समितीसमोर कळलं आणि ते कात्रीत सापडले. सांगावं तर बिट्टीचं नाव यादीतून जाईल, न सांगावं तर यादीच जाईल. ते रोज सांगायचं ठरवून येत आणि रोज पाव घेऊन येत.

वन्सं उठल्या. “उद्या समितीला मी सांगणार,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. ते जास्त बरं दिसेल.”

६

दादा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टोपी धरून. त्यांनी जेवढं घडलं तेवढंच सांगितलं. सर खाली बघत होते. रक्तवाली रडली आणि मग आपण रडलो म्हणून सगळ्यांवर चिडली.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं की आता या प्रयोगात उरलं काय. त्यावर वन्संनी ते केस त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, उलट काही जास्तीचंच हाती आलंय. ठेंगूच्या वाट्याचं खाद्य पैलवानाने खाल्लं. म्हणजे औषध मिळालेल्या डुकराने इतका काळ जवळपास दुप्पट प्रथिनं पचवली, आणि त्याच्या केसात एक फिकट रेघ नाही, रक्तात एक वाईट आकडा नाही. एवढी कठोर परीक्षा घ्यायची हिंमत तुमच्यापैकी कोणाची झाली नसती.

बाई पहिल्यांदा हसल्या, पण त्यांनी आपला हेका सोडला नाही. ठेंगू औषधाशिवाय खरंच टिकत नाही, हे डोळ्यांनी दिसल्याखेरीज परवानगी नाही. त्याला पुन्हा साधं खाद्य, समितीच्या माणसाच्या देखरेखीखाली. बिट्टीचं नाव यादीत राहील की नाही ते त्यानंतर.

“आणि एक अट माझीही,” वन्सं म्हणाल्या. “दिसलं की थांबायचं. शेवटापर्यंत न्यायचं नाही. मग त्याला खरं औषध द्यायचं.”

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, औषध शिल्लक आहे.

मग खाद्य कोण घालणार हा प्रश्न निघाला, आणि दादांनी सांगितलं की ते आपणच घालू. कोणालाच ते बरं वाटलं नाही, पण कोणी नाही म्हणू शकलं नाही.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. चाक कुरकुरायचं, दादा यायचे, तपकिरी खाद्य कुंडीत ओतायचे आणि मागे हात बांधून उभे राहायचे. ठेंगू आधी पाव शोधायचा, कुंडी हुंगून त्यांच्याकडे बघायचा, मग खायचा. हळूहळू त्याच्या केसांची मुळं फिकट झाली. एका सकाळी तो कोपऱ्यात जाऊन डुलू लागला. समितीच्या माणसाने मान डोलावली. सुईवाला सिरिंज भरून तयारच होता. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही. दादांनी ठेंगूला धरलं.

त्याला ते लागलं. पुढे तो पैलवानाच्या तोडीस तोड झाला नाही, पण नावाला न शोभेल इतका वाढला. प्रयोगाअंती तिघांनाही संपवायचं ठरलेलं होतं. त्याऐवजी औषध किती वर्षं टिकतं हे बघायला हवं, असं सरांनी समितीला पटवलं. ते शास्त्राला धरूनही होतं. सरांचा हात मी त्यानंतरच पहिल्यांदा एका डुकराच्या पाठीवर पाहिला.

बिट्टीचं नाव यादीत राहिलं, शेवटच्या जागी. उपचारानंतर एकदा दादा भट्टीतून काढलेला साधा तपकिरी पाव आमच्याकडे घेऊन आले, आणि तिने तो आम्हा सगळ्यांसमोर खाल्ला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, “हा जरा कडू आहे.”

वन्सं आता नाहीत. त्यांचं भिंग माझ्याकडे आहे, आणि काचेच्या एका बारीक नळीत ठेंगूचा नंतरचा एक केस. फिकट, काळा, फिकट, काळा, पुन्हा फिकट आणि मग मुळापर्यंत काळा.

दादांना मी शेवटचं पाहिलं ते आश्रमात. तोवर मोठ्या वयाच्या रुग्णांनाही औषध द्यायला लागले होते. मेंदूचं झालेलं नुकसान भरून निघत नाही, हे दादांना माहीत होतं. सरांनी दोनदा समजावून सांगितलं होतं, तरी त्यांनी मुलाला ते देववलं होतं. व्हरांड्यात तो चाळिशीचा मुलगा खुर्चीत बसला होता आणि दादा त्याच्यामागे उभे राहून त्याचे केस विंचरत होते. तो डुलत होता, पण पूर्वीपेक्षा सावकाश. मला बघून दादांनी कंगवा थांबवला, बोटांनी भांग उलगडला आणि मला जवळ बोलावलं.

वाळल्या गवताच्या रंगाच्या त्या केसांच्या मुळाशी, नखाएवढं, काळं उगवलं होतं.